पंचांसाठी एक खुर्ची

रविवारी संध्याकाळी बाबांचे बूट निघेनात.

बाबा खुर्चीवर, लेक खाली जमिनीवर. नाड्या सोडून झाल्या, टाचेकडून चमचा घालून झाला, तरी बूट पायांना असे धरून बसले होते की जणू जन्मापासून तिथलेच. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले आणि म्हणाले, "ओढ तू. मी काय रडतोय का?"

"रडला असतात तर बरं झालं असतं," लेक म्हणाली. "कुठे थांबायचं ते तरी कळलं असतं."

शेवटी तिनं शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणली आणि बूट कडेनं कापले. आतून पावलं निघाली ती पाण्यात पडून फुगलेल्या लाकडासारखी, मोज्यांच्या विणीचे वळ उमटलेली. तिनं बादलीत ऊन पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि एकेक पाऊल उचलून आत ठेवलं.

"चांगले होते बूट," बाबा हळहळले.

"पायही चांगलेच होते."

आई होती तेव्हा मालधक्क्यावरून दमून आलेल्या बाबांचे पाय चेपताना ती दोन ओळी गुणगुणायची. कुणी शिकवलेल्या नव्हेत, तिच्याच:

*पावलांनो बाई, किती चालाल उन्हात,*
*निजा गं घडीभर, माझ्या मायेच्या हातात.*

लेकीच्या ओठांशी त्या ओळी आल्या आणि तिथंच थबकल्या. आईच्या वेळी हे पाय पोटासाठी दमायचे. आता ते दमत होते पत्त्यांच्या दुकानात, पंच म्हणून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभे राहून. आणि त्याचं दाम म्हणून कोटाच्या खिशात होती पत्त्यांची चकचकीत, बंद पाकिटं.

हे पत्ते राजा-राणी-गुलामाचे नव्हेत बरं. प्रत्येक पत्त्यावर एखादा पशू, एखादा योद्धा, एखादं वादळ, आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत त्याचा कायदा. ज्यानं त्यानं आपापला संच जमवायचा आणि रविवारी दुकानामागच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर समोरासमोर बसून सामने खेळायचे. लेक शाळेत होती तेव्हा तिला या खेळाचं वेड लागलं. बाबा तिला न्यायला यायचे, दाराशी पायरीवर बसायचे. वाचायला दुसरं काही नाही म्हणून त्यांनी खेळाचं नियमांचं पुस्तक हाती घेतलं आणि मग ते त्यांना सोडवेना. धक्क्यावर त्यांचं काम वजनकाट्याचं होतं. तिथं आयुष्यभर एकच गोष्ट पाळलेली: काट्याकडे बघायचं, माणसाकडे नाही. या पुस्तकात त्यांना तसाच एक काटा सापडला.

हळूहळू खेळणारे डाव अडला की पायरीकडे बघू लागले. "काका, हे कसं हो?" मग एके दिवशी दुकानदार म्हणाला, "काका, पायरीवर कशाला? आतच या ना." तेव्हापासून ते पंचकाका झाले. पुढे लेकीचे पत्ते सुटले, लग्न झालं, लग्नही सुटलं. ती बाबांकडे परत आली, हॉस्पिटलच्या धुलाईघरात लागली, आणि रविवारी बाबांच्या शेजारी पंच म्हणून उभी राहू लागली. घरात दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. हॉलमध्ये मात्र नुसत्या नजरेनं बोलत.

बाबांची पंचगिरी बघण्यासारखी होती. कुणी हात वर करून "पंच!" म्हटलं की ते घाई न करता जायचे, हात पाठीमागे बांधून टेबलाशी वाकायचे. विचारल्याशिवाय पत्त्याला बोट लावायचे नाहीत. आधी एकाला, "तुम्ही सांगा." मग दुसऱ्याला, "आता तुम्ही." भोवती कोंडाळं जमायचंच. त्यातला कुणी शहाणपणा करायला तोंड उघडलं की बाबा मान न वळवता म्हणायचे, "बघणाऱ्यानं बोलायचं नसतं." मग निकाल. ज्याच्या विरुद्ध जाई तोही मान हलवून पुन्हा पत्ते उचले.

पाकिटं ते फोडतही नसत आणि विकतही नसत. कपाटात पत्र्याचा एक डबा होता, त्यात रचून ठेवत. "माझी कमाई," म्हणत. कुणाच्या घरी मूल झालं, कुणी परीक्षेत पास झालं की डब्यातून एक काढून देत. लेकीला ते बघून पूर्वी हसू यायचं. त्या रविवारी कापलेले बूट कचऱ्यात टाकताना मात्र तिला हसू आलं नाही. धुलाईघरातल्या बायकांनी जादा तासांच्या पगारासाठी मशीनं बंद केली होती, तेव्हा पदर खोचून पुढे बसलेली हीच. आणि स्वतःच्या बापाचे पाय सुजेपर्यंत तिच्या तोंडातून ब्र निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती सरळ दुकानात गेली. दुकानदार काउंटरमागे पत्त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं चढवत होता.

"दादा, पंचांना पैसे द्यायचे."

"पाकिटं देतो की, ताई."

"पाकिटं घेऊन दूधवाल्याकडे जाऊ?"

"विका ना मग. मीच घेतो परत."

"अर्ध्या भावात. म्हणजे एका हातानं देणार आणि दुसऱ्या हातानं अर्धं काढून घेणार."

दुकानदार हसला, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. माणूस वाईट नव्हता. बिल वाचावं म्हणून दुकानातले निम्मे दिवे तो विझवून ठेवायचा, आणि बायको मागं हॉल झाडताना दिसायची. "ताई, ही सगळी हौसेची मंडळी. काका तर स्वतःहून येतात. मी कधी या म्हटलं का?"

"कधी बसा म्हटलंत का?"

दुकानदारानं पुढचं कव्हर उचललं. हॉलमध्ये खेळणाऱ्यांसाठी खुर्च्या होत्या, बघणाऱ्यांसाठी बाक होता. पंचांसाठी काही नव्हतं. पंच उभेच असतात, असं सगळ्यांनी कधीतरी धरून टाकलं होतं.

तिसरा पंच होता लंबू. कुरिअरची पार्सलं पोचवायचा आणि उंची इतकी की टेबलाशी वाकला की घडीची शिडी मिटल्यासारखा दिसे. पंच म्हणून यायचं तर त्याला रविवारची फेरी सोडावी लागे, आणि घरी नुकतीच मुलगी झालेली. लेकीनं त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, बायको रोज विचारते, ती पाकिटं उकळून बाळाला पाजायची का? तुम्ही पुढं व्हा, मी मागं आहे. मी मागं उभा राहिलो तरी दिसतोच."

बाबांना समजावणं अवघड होतं.

"पैसे घेऊन निकाल देऊ?" ते म्हणाले.

"काट्यावर पगार घेत नव्हतात?"

"ते काम होतं."

"आणि हे काय आहे, बाबा?"

बाबांनी पाय बुडवलेल्या बादलीतल्या पाण्याकडे बघितलं. "हे," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही.

त्या आठवड्यात लेकीनं एका कागदावर पंचांचं म्हणणं लिहून काढलं. बसायला खुर्ची. दुपारी जेवणाची सुट्टी. आणि तिसरं: 'मोबदल्याशिवाय शक्यतो कोणी पंच म्हणून उभं राहणार नाही.' कागद टेबलावर ठेवून ती भांडी घासायला गेली. परत आली तर बाबा चष्मा लावून, पेन्सिल घेऊन त्यावर वाकलेले. हात नेमके तसेच पाठीमागे, फक्त पेन्सिलीपुरता एक पुढे.

"मला हे पटलेलं नाही," ते म्हणाले. "पण लिहायचंच तर नीट लिही. हे 'शक्यतो' कशाला? 'शक्यतो' म्हणजे फट. उद्या कुणीही त्यातून हात घालेल. काढ."

तिनं काढलं.

"आणि मोबदला म्हणजे किती? उद्या तो निम्मा देईल नि म्हणेल, दिला की. 'पूर्ण' लिही. आणि 'कोणी' नको, 'कोणीही' लिही. नियम कसा हवा? समोर कोण आहे हे त्याला कळताच कामा नये."

कागद तयार झाला. 'पूर्ण मोबदल्याशिवाय कोणीही, कोणत्याही सामन्यात, पंच म्हणून उभं राहणार नाही.' बाबांनी तो दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काटा स्थिर झाल्यावर यायचं तसं समाधान आलं. न पटलेली गोष्टही त्यांनी घोटून गुळगुळीत करून दिली होती. लेकीला बापाचा अभिमान वाटला. दोघांपैकी एकाच्याही मनात पुढचं काही आलं नाही.

लेकीनं कागद दुकानदाराला दिला, त्यानं हात वर केले, आणि मग पुढचे रविवार हॉल पंचांविना चालला; न पटूनही बाबा घरीच राहिले. चालला कसला, लंगडला. पहिल्या रविवारी नुसती बाचाबाची झाली. दुसऱ्या रविवारी चिकटून आलेल्या दोन पत्त्यांवरून दोन जिवलग मित्र एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले आणि कुणीतरी टेबल उलथवलं. बऱ्याच जणांनी प्रवेशाचे पैसे परत मागितले. नंतर एका संध्याकाळी दुकानदार बापलेकीच्या घरी आला. लंबूही बातमीचा वास लागल्यासारखा मागोमाग टपकला.

"जिंकलात," दुकानदार म्हणाला. पाण्याचा पेला त्यानं तसाच हातात धरला होता. "पैसे देतो. पूर्ण, रोख, त्याच दिवशी. खुर्ची देतो. जेवण माझी बायको पाठवेल. कागद भिंतीवर लावतो, मग तर झालं? पण ताई, एवढ्यात मला एका दिवसाला एकच पंच परवडतो. खोटं वाटत असेल तर दुकानात येऊन बघा."

खोटं तो बोलत नव्हता.

"आता शनिवारीही सामने लावतो. शनिवारी लंबू. रविवारी तुम्ही."

"आणि बाबा?" लेक म्हणाली.

दुकानदाराची नजर नकळत बाबांच्या पायांकडे गेली आणि चटका बसल्यासारखी मागं फिरली.

"माझा रविवार बाबांना द्या," ती घाईनं म्हणाली. "मी नाही येत."

"एकटा पंच म्हणजे सगळी टेबलं त्यानंच बघायची," बाबाच म्हणाले. आवाज अगदी सरळ, निकाल सांगतानाचा. "या टोकाला हाक, त्या टोकाला हाक. माझे पाय पुरायचे नाहीत. खेळणाऱ्यांवर अन्याय होईल. रविवारी तूच."

दुकानदार निघताना त्यांना वाकून नमस्कार करायला गेला, तर बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पहिल्या पगारी रविवारी लेक तयार होऊन बघते तर बाबा दाराशी उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा कोट, पायात तिनं आणलेले नवे मऊ बूट.

"कुठे निघालात?"

"येतो की जरा. बघायला."

हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची ठेवलेली होती. साधीच, लाकडी, पाठीवर खडूनं 'पंच' लिहिलेलं. भिंतीवर तो कागद चारही कोपऱ्यांना पट्ट्या लावून चिकटवलेला. टेबलं भरत होती. जो तो येऊन म्हणत होता, "पंचकाका आले का? आता बरं वाटलं." बाबा हसून मान हलवत होते. लंबूही आला होता, मुलीला छातीशी बांधून, आपली खुर्ची कशी दिसते ते बघायला.

सामने सुरू व्हायच्या आधी बाबा काउंटरशी गेले. हात पाठीमागे.

"मी काय म्हणतो," ते दुकानदाराला म्हणाले, "ती आहेच. तिचं तिला द्या. मी नुसता त्या बाजूला उभा राहीन. कुणी हाक मारली तर बघेन. मला काही नको. पाकीटसुद्धा नको."

दुकानदाराचा चेहरा उजळला. "काका, मी कशाला नाही म्हणू? घर आहे तुमचं." मग त्याची नजर भिंतीवरच्या कागदावर गेली आणि तो लेकीकडे बघू लागला.

लंबू जवळ सरकला. त्याचा नेहमीचा थट्टेचा सूर कुठे गेला होता कोण जाणे. "ताई," तो हलकेच म्हणाला, "काकांबद्दल नाही बोलत मी. काका माझे गुरू आहेत. पण आज काका फुकट उभे राहिले, तर पुढच्या महिन्यात शनिवारी दादा मला काय म्हणतील? हौसेनं येणारे आहेत की, तुला कशाला?" छातीशी बाळ झोपलं होतं. त्यानं त्याच्या टाळूवर तळहात ठेवला.

"माझ्या मोबदल्यातले अर्धे बाबांना," लेक म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा आवाज विरला. पूर्ण. कोणीही. कोणत्याही. बाबांच्या पेन्सिलीनं एकेक फट लिंपलेली होती. वारासुद्धा आत येणार नव्हता.

बाबा तिच्याकडे बघत होते. ही नजर तिनं पूर्वी पाहिली होती, पण नेहमी त्यांच्या शेजारी उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत. पत्ते हातात धरून निकालाची वाट बघणाऱ्याची नजर. आपलंच चुकलंय हे ठाऊक असतं, तरी पंच काहीतरी वेगळं सांगेल अशी वेडी आशा असते.

काट्याकडे बघायचं, माणसाकडे नाही. लेकीनं भिंतीकडे बघितलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

हॉलमध्ये पत्ते पिसण्याचा आवाज येत होता, पाखरांचा थवा उठावा तसा.

बाबांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बरोबर निकाल आहे." आणि कोटाचं बटण लावत बघणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

दिवसभर ते तिथं बसले. एकदा मधल्या टेबलावरून "पंच!" अशी हाक आली आणि बाबा ताडकन उठले. हात पाठीमागे गेलेसुद्धा. मग त्यांना आठवलं. बाकावरच्या शेजाऱ्याला वाटलं, काकांना जायचंय. त्यानं पाय आखडून वाट करून दिली. बाबा क्षणभर तसेच उभे राहिले आणि हळूच खाली बसले. लेकीनं ते हॉलच्या दुसऱ्या टोकावरून बघितलं. पण टेबलाशी दोघं थांबले होते. ती वाकली. "तुम्ही सांगा," एकाला म्हणाली. "आता तुम्ही."

खुर्चीत ती दिवसभरात बसली नाही. ठरवून नाही. बसवेचना.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "आज नको, जरा कंटाळा आहे." त्याच्या पुढच्या रविवारी काही म्हणालेच नाहीत. नवे बूट दाराशी एकमेकांना टेकून राहिले, तळ अजून जवळजवळ कोरेच. डब्यातली पाकिटं एकेक करत त्यांनी वाटून टाकली. शेवटचं लंबूच्या मुलीला गेलं. लेक पाकिटाऐवजी आता नोटा आणायची. पहिल्यांदा तिनं त्या बाबांच्या हातात दिल्या तर त्यांनी नीट घडी घालून तिलाच परत दिल्या. "तुझ्या कष्टाच्या आहेत. हक्काच्या आहेत." त्यांना खरंच आनंद झाला होता. तेच तिला सहन होईना.

सुरुवातीला ती आली की विचारायचे, "आज काय काय झालं?" मग ती ताट वाढता वाढता एकेक अडलेला डाव सांगायची आणि ते मान डोलवायचे. होता होता विचारणं थांबलं. रेडिओ लागलेला असायचा, बाबा त्याच्याकडे तोंड करून बसलेले असायचे, आणि रेडिओवर काय चाललंय हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अशाच एका रविवारी लेक आली, पर्स टेबलावर ठेवली आणि बाबांच्या पायांशी येऊन बसली. सवयीनं एक पाऊल मांडीवर घेतलं.

"बाबा, आज एक भलतंच अडलं."

बाबांनी रेडिओ बारीक केला.

"एकानं पत्ता टाकला. दुसऱ्यानं उत्तर देण्याआधीच त्यानं तो परत उचलला. म्हणतो, बोट सुटलंच नव्हतं. दुसरा म्हणतो, सुटलं होतं. बाकी कुणाचं लक्ष नाही. मला सुचेचना काही. काय द्यायचा निकाल?"

ते सगळं तिनं वाटेत येताना रचलं होतं. असं काही झालं नव्हतं. झालं असतं तरी उत्तर तिला येत होतं, कारण ते उत्तर तिला त्यांनीच शिकवलं होतं. बाबांच्या डोळ्यांत जुनं काहीतरी हललं. पाठ सरळ झाली, हात मागे जाऊ लागले.

मग ते तिच्याकडे बघत राहिले. हात पुन्हा मांडीवर आले.

"बघणाऱ्यानं बोलायचं नसतं, बाळ," ते अगदी मायेनं म्हणाले, आणि रेडिओ मोठा केला.

लेक पाय चेपत राहिली. आईच्या ओळी ओठांशी आल्या. या वेळी तिनं त्या अडवल्या नाहीत, पण रेडिओच्या आवाजात तिच्या तिलाच त्या ऐकू आल्या नाहीत. तिच्या हातात बाबांचं पाऊल हलकं होतं, कोरडं, हाडांपुरतं. त्याच्यावर कसलाही वळ नव्हता. सूज पार उतरली होती.